अहमदाबाद : दगड आणि धागा

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला 'एका ऐतिहासिक शहराचे दर्शन' हा विषय सुचवला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळवला होता. ऐतिहासिक शहरांवर बोलावे ते इतिहासाच्या प्राध्यापकांनी. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते धोट्यात कांड्या भरता भरता, नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. परंतु चालकांचे म्हणणे असे पडले, की गावातल्या मागवाल्याने शहर कसे पाहिले, हेच श्रोत्यांना ऐकायचे आहे. तेव्हा आमचा नाइलाज झाला. जे पाहिले आणि जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवतो. प्राध्यापकी शिस्त यात सापडणार नाही. ती श्रोत्यांनी मागूही नये.

शहर आम्ही निवडले ते अहमदाबाद. कापड कामगारांच्या एका बैठकीसाठी आम्ही तेथे गेलो होतो आणि बैठक आटोपल्यावर दोन दिवस मागे राहिलो. २०१७ साली युनेस्कोने या शहराच्या जुन्या भागाला जागतिक वारसा शहराचा मान दिला, आणि हा मान मिळवणारे हे भारतातले पहिले शहर. तेथील महापालिकेने १९९७ सालापासून एक पायी फेरी चालू केली आहे. सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचे, पोळांच्या अरुंद गल्ल्यांतून जायचे आणि जामा मशिदीपाशी थांबायचे. प्रवास म्हटला तर फार थोडा, पण मंदिरापासून मशिदीपर्यंत सरळ चालत जाता येते, ही गोष्ट आजच्या काळात लहान नव्हे.

फेरीत दाखवणारा मनुष्य प्रत्येक ठिकाणी एकच सांगे, हे अमक्या सुलतानाने बांधले, ते तमक्या शेठाने बांधले. आमच्याबरोबर एक जुने कार्यकर्ते होते. तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी ते हळूच म्हणाले, "या सुलतानांच्या हाताला घट्टे पडले असतील नाही?" आम्ही हसलो खरे, पण पुढचे दोन दिवस तो प्रश्न आमच्या मानेवर बसून राहिला. त्याच प्रश्नाच्या मागोमाग आम्ही शहर पाहिले.

शहराची सुरुवातच मोठी गमतीची आहे. सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या काठी हे शहर वसवले. तट बांधण्याचे काम निघाले तेव्हाची एक दंतकथा अहमदाबादेत लहान मुलालाही ठाऊक असते. नदीकाठी माणेकनाथ नावाचा गोसावी राहत असे. दिवसा गवंडी तट चढवीत, त्या वेळी तो गोधडी विणीत बसे. संध्याकाळी तो गोधडीचा धागा ओढून ती उसवी, आणि इकडे दिवसभर बांधलेला तट कोसळून पडे. सुलतानाला हे कळले. त्याने गोसाव्याची विचारपूस केली, त्याच्या सिद्धीची तारीफ केली आणि एवढ्याशा झारीत शिरून दाखवशील काय, असे विचारले. माणेकनाथ झारीत शिरला. सुलतानाने तोंड बंद केले. पुढे तट पुरा झाला. आज एलिस पुलाजवळचा माणेक बुरूज आणि शहराच्या मध्यावरचा माणेक चौक, दोन्ही त्याचेच नाव सांगतात.

दंतकथा ही इतिहास नव्हे, हे आम्हांला समजते. परंतु लोक जी कथा सहाशे वर्षे जपून ठेवतात, तिच्यात त्यांनी स्वतःविषयी काहीतरी सांगून ठेवलेले असते. विणणाऱ्याने धागा ओढला तर राजाचा तट उभा राहत नाही, हे या शहराने आपल्या जन्मकथेतच लिहून ठेवले आहे. आम्ही तर माणेकनाथाच्या त्या उसवण्याला या शहरातला पहिला संप समजतो. आणि तारीफ ऐकून झारीत शिरणारे पुढारी म्हणाल, तर त्यांची उणीव आमच्या चळवळीतही कधी पडलेली नाही.

भद्राच्या किल्ल्यापासून जामा मशिदीकडे जाताना तीन दरवाजा लागतो. तीन कमानींची ही वेस अहमदशहाच्याच काळातली. खालून रिक्षा, हातगाड्या आणि कापडाचे ढीग घेऊन बसलेले विक्रेते यांची अशी दाटी, की मान वर करून कमान पाहावी तर मागून धक्का बसतो. पण मराठी माणसाने येथे धक्का खाऊनही थांबले पाहिजे. या दरवाज्यावर १८१२ सालचा एक देवनागरी शिलालेख आहे. तो मराठी अंमलातले सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा. मुलीला बापाच्या मालमत्तेत तिचा वाटा विनाअडथळा मिळावा, अशी त्यात आज्ञा आहे. जो मोडील तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जबाब देईल, असेही बजावले आहे.

मराठ्यांची तेथील आठवण एरवी काही फारशी गोड नाही. १७२५ साली हमीदखानाबरोबर आलेल्या मराठी फौजा शहर लुटू लागल्या, तेव्हा नगरशेठ खुशालचंदाने पदरचा पैसा भरून शहर सोडवले. शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्याचे उपकार स्मरून छापाच्या मालावर शेकडा चार आणे त्याच्या घराण्याला लावून दिले. पुढे १७५३ साली रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतले. मध्ये ते एकदा हातचे गेले, १७५८ मध्ये परत मिळाले, आणि १८१७ पर्यंत पेशवे व गायकवाड यांच्यात वाटलेले राहिले. या सगळ्या कारभारातून अभिमानाने दाखवावी अशी जी गोष्ट उरली, ती ना किल्ला आहे, ना वाडा. मुलींच्या वाट्याविषयीच्या त्या काही ओळी आहेत. स्वतंत्र भारतात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क कायद्याने पूर्णपणे मिळायला २००५ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दगडाची किंमत कळते. आणि दगडावर कोरल्याने हक्क पदरात पडत नाही, हेही त्यातूनच कळते. तो मागणारे कोणीतरी खाली उभे असावे लागते.

जामा मशीद १४२४ साली पुरी झाली. आत शिरताच खांबांचे रान उभे राहते. खांब २६०, वर घुमट १५. चौकातल्या उन्हातून आत पाऊल टाकले की डोळे निवतात. या खांबांवरची नक्षी पाहिली म्हणजे गुजरातच्या मंदिरांत घडलेले हात येथे राबले, याविषयी शंका राहत नाही. देव बदलला, मालक बदलला, छिन्नी तीच राहिली. सिदी सय्यदच्या मशिदीतील जाळीविषयी आम्ही काय सांगावे! १५७२-७३ सालचे हे काम, म्हणजे अकबर गुजरात जिंकत होता त्याच वेळचे. दगडात कोरलेले झाड आणि त्याच्या एकमेकींत गुंतलेल्या फांद्या, इतक्या बारीक की दगडाऐवजी सुताचेच विणकाम वाटावे. सिदी सय्यद हा हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या लोकांपैकी. त्याचे नाव राहिले, हे चांगलेच झाले. ज्याने ती फांदी कोरली त्याचे नाव आम्हांला कोणी सांगितले नाही.

शहराबाहेर उत्तरेला अडालजची वाव आहे. पाच मजले जमिनीत उतरत जाणारी ही विहीर १४९९ च्या सुमारास राणी रूडाबाईने पुरी केली. तेथेही एक दंतकथा सांगतात. अशीच दुसरी वाव बांधता येईल काय, असे गवंड्यांना विचारले. ते भोळेपणाने "होय" म्हणाले, आणि त्या एका 'होय'साठी त्यांना ठार केले. जवळच त्यांच्या म्हणून कबरी दाखवतात. कथा खरी असो वा नसो, कारागिराची विद्या त्याच्याच जिवावर उठते ही भीती तिच्यात आहे, आणि ती भीती खोटी नाही.

याच्या उलट दिल्ली दरवाज्याबाहेरचे हठीसिंगांचे जैन मंदिर. हठीसिंग केसरीसिंग शेठ मंदिर पुरे होण्याआधीच वारले आणि त्यांच्या पत्नी हरकुंवर यांनी १८४८ साली काम तडीस नेले. गुजरातेत तेव्हा दुष्काळ होता आणि या कामावर शेकडो कारागिरांना दोन वर्षे भाकरी मिळाली, असे सांगतात. येथे मात्र घडवणाऱ्याचे नाव शिल्लक आहे, प्रेमचंद सलाट. दोन दिवसांत आम्ही जेवढ्या इमारती पाहिल्या, त्यांत कारागिराचे नाव कानावर पडले ते या एकाच ठिकाणी. आम्ही मंदिराला नमस्कार केला त्यात थोडा वाटा प्रेमचंदाचा होता.

आता दगड पुरे. अहमदाबादचे लोक म्हणत आले आहेत, की हे शहर तीन धाग्यांवर लोंबते. एक कापसाचा, एक रेशमाचा आणि एक सोन्याचा. इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात येथे जुन्या वसाहतीच्या उकिरड्यांत गुजरातचे ठशांनी छापलेले सुती कापड सापडले आहे. त्यातले काही अहमदाबाद वसण्याच्याही आधीचे. अहमदाबादेजवळच्या सरखेजची नीळ सतराव्या शतकात इंग्रज आणि डच व्यापारी हुडकत येत. आज प्रवासी सरखेजला जातात ते शेख अहमद खट्टूंचा रोजा आणि तळे पाहायला. निळीत ज्यांचे हात कोपरापर्यंत रंगले, त्यांची खूण तेथे आम्हांला दिसली नाही.

या व्यापारी शहराची एक रीत आमच्या कामाची आहे. येथे व्यापाऱ्यांची महाजने होती आणि कारागिरांची पंचे होती. महाजन भाव, सुट्ट्या, दंड ठरवी आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकी. म्हणजे संघटना ही चीज आम्ही विलायतेहून आणली, असे जे आपण पुष्कळदा समजतो, ते अर्धेच खरे. तिचा कायदा विलायती असेल, स्वभाव आमच्याच पेठेतला आहे. परंतु महाजनात शेठ बसत, विणकर बसत नसे, हेही विसरू नये.

रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापडगिरणी १८६१ साली सुरू झाली. त्या वेळी अहमदाबादेस रेल्वेदेखील आलेली नव्हती. विलायतेची यंत्रे खंभातच्या बंदरातून बैलगाड्यांवर लादून आणली. पुढे शंभर वर्षांत साठांहून अधिक गिरण्यांची धुराडी तटाबाहेर उभी राहिली आणि लोक शहराला भारताचे मँचेस्टर म्हणू लागले.

आणि येथे आमच्या यादीतले ते ठिकाण येते, जे फेरीत नव्हते. साबरमतीकाठचे एक बाभळीचे झाड. १९१७ साली शहरात प्लेग पसरला. कामगार गावोगाव पळू नयेत म्हणून मालकांनी विणकरांना जादा बोनस दिला, काही ठिकाणी पगाराच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत. साथ ओसरली तसा १९१८ च्या आरंभी तो बंद केला. महायुद्धाने महागाई भडकलेली. विणकर ५० टक्के वाढ मागू लागले, मालक २० टक्क्यांपुढे जाईनात. गांधींनी हिशेब तपासून ३५ टक्के हा आकडा काढला. मागणी कमी करून मग त्यावर ठाम राहायचे, हा धडा आम्ही पुढे पुष्कळ वाटाघाटींत गिरवला आहे.

२२ फेब्रुवारीला टाळेबंदी पुकारली. मालकांचे अध्यक्ष अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला उभ्या त्यांच्या सख्ख्या बहीण अनसूयाबेन. रोज संध्याकाळी त्या बाभळीखाली सभा भरे, पत्रक वाचले जाई आणि प्रतिज्ञा पुन्हा घेतली जाई. रिकाम्या हातांना काम म्हणून आश्रमात विणशाळेचे बांधकाम चालू होते, तेथे वाळू वाहण्यास कामगार लागले. डोक्यावर पाटी घेऊन त्यांच्या पुढे अनसूयाबेन.

१२ मार्चला मालकांनी २० टक्क्यांवर दरवाजे उघडले. काही लोक डळमळू लागले. एका चाळीतून कामगारांचे शब्द गांधींच्या कानावर आले. त्यांचा आशय असा, की यांचे काय जाते, हे मोटारीतून येतात जातात, जेवूनखाऊन असतात, मरण आमचे आहे. ज्याने कधी संप चालवला आहे त्याने हे शब्द ऐकलेले असतातच. आम्हीही ऐकले आहेत, आणि त्या वेळी उत्तर न सुचून चहा मागवला आहे. गांधींनी १५ मार्चला उपवास आरंभला. १८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के, कामगारांच्या प्रतिज्ञेसाठी. दुसऱ्या दिवशी २० टक्के, मालकांच्या हट्टासाठी. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस, लवादाचा निकाल लागेपर्यंत. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ऑगस्टमध्ये ३५ टक्केच दिले. आपल्या उपवासाचा मालकांवर दाब आला आणि तेवढा त्यात दोष राहिला, हे गांधींनी स्वतः कबूल केले आहे. १९२० साली या लढ्याच्या पायावर जी संघटना उभी राहिली तिचे नाव मजूर महाजन. ज्या शब्दात विणकराला जागा नव्हती, तो शब्दच त्याने उचलला. या नावाएवढी मोठी इमारत आम्हांला अहमदाबादेत दिसली नाही.

मात्र आम्ही भाट नव्हे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. लवादाच्या मार्गाने संघटना मालकांच्या फार जवळ गेली, असा आक्षेप तिच्यावर पुढे घेतला गेला आणि तो सगळाच खोटा नव्हता. गिरणीच्या आत जात सुटली नाही. दलित कामगार त्रासनखात्यात, कमी पगारावर. विणखाते त्याला बंद. कारण काय, तर धोट्याच्या डोळ्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि उष्ट्या धोट्याचा विटाळ होई! अहमदाबादेत काय आणि मुंबईत काय, रीत हीच. येथे बसलेल्या मागवाल्यांना तो धोटा समजावून सांगायला नको. एका संघटनेत असलेली माणसे एका माठातले पाणी पीत नव्हती, आणि हे भगदाड मालकांनी पाडलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेकडच्या गोमतीपूर भागात गेलो. येथे पाहण्यासारखे काही नाही, असे रिक्षावाल्याने दोनदा सांगितले. एके काळी येथे भोंग्यावर घड्याळे लावीत. १९८० नंतरच्या दीड दशकात पन्नासाच्या आसपास गिरण्या बंद पडल्या आणि लाखभर कामगार रस्त्यावर आले. एका पडक्या भिंतीशी टपरीवर एक म्हातारे गृहस्थ भेटले. एका गिरणीत तीस वर्षे विणखात्यात होते. गिरणीचे नाव आम्ही सांगत नाही. ती एकटीच दोषी होती असे नाही. शेवटचे देणे पुरे मिळाले नाही, एवढेच ते म्हणाले, तेही विचारले म्हणून. कान गेलेले. मागाच्या खडखडाटात ते जातातच.

त्यांनी विचारले, "भाई, कुठून आलात?" आम्ही इचलकरंजी म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "आमचे माग तिकडेच गेले. ट्रक भरताना मी उभा होतो. चालतात का अजून?"

आम्हांला उत्तर सुचेना. तरुणपणी आम्ही ज्या कारखान्यात मागावर उभे राहिलो, तेथले माग असेच कुठल्या तरी गिरणीतून मोडीच्या भावाने आलेले होते. बाजूच्या चौकटीवरची पितळी पट्टी काढून टाकलेली, तिची चार भोके तेवढी राहिलेली. त्या भोकांवरून आम्ही रोज हात फिरवीत असू आणि ती कशाची, असे एकदाही विचारले नव्हते. १९०४ साली आपल्या गावी पहिला यंत्रमाग आला, त्याचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. पण पुढे आपला धंदा वाढला, त्याला १९८५ च्या कापड धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांच्यातले अंतर पुसले हे एक कारण होते, आणि गिरणीत लढून मिळवलेले पगार, पाळ्या, रजा आपल्याकडे द्याव्या लागत नव्हत्या हे दुसरे. अहमदाबादचा माग आपल्याकडे आला, त्याच्याबरोबर अहमदाबादचा करार आला नाही. मालकांनी तो मागे ठेवला हे खरे, आणि आपणही तो मागून घ्यायला फार उशिरा उठलो. म्हाताऱ्यांना आम्ही म्हणालो, "काही चालतात, काही पुन्हा मोडीत गेले." त्यांनी मान हलवली आणि आमच्या चहाचे पैसे दिले. आम्हांला देऊ दिले नाहीत.

परतण्याआधी आम्ही एलिस पुलाजवळ 'सेवा' या बायकांच्या संघटनेच्या कचेरीत जाऊन आलो. १९७२ साली मजूर महाजनाच्याच महिला विभागातून इला भट्ट यांनी ती उभी केली. कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या, घरी बसून शिवणाऱ्या, अशा ज्यांना मालकच नाही त्यांची युनियन कशी होणार, असे तेव्हा नोंदणी खात्याने विचारले होते. ती झाली. १९८१ साली मूळ संघटनेपासून वेगळी निघाली आणि गिरण्या गेल्यावरही ती उभीच राहिली. ज्या बाईच्या डोक्यावर गठ्ठा असतो तिला तीन दरवाज्यावरचा लेख मान वर करून वाचता येत नाही; परंतु तिच्या वाट्याची गोष्ट त्यात आहे, आणि तिने ती न वाचताच पुढे नेली.

श्रोतेहो, शहर पाहायला जाणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. मशिदी पाहा, मंदिरे पाहा, वाव पाहा, ती खरोखर पाहण्यासारखी आहेत. पण दाखवणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारा, की हे ज्यांनी बांधले, विणले, रंगवले, त्यांना काय मिळाले आणि ते पुढे कोठे गेले? त्याला उत्तर आले नाही तरी चालेल. प्रश्न वारंवार विचारला गेला म्हणजे कोणीतरी उत्तर शोधू लागतो.

आणि हा प्रश्न आपल्या गावालाही लागू आहे. आपल्याकडे जुने जॉबर, कांडीवाल्या बाया, वहिफणीवाले अजून हयात आहेत. त्यांची नावे, कोणत्या साली कोणत्या मागावर उभे राहिले, तेव्हा पगार काय होता, हे वहीत उतरून घेण्याचे काम या व्याख्यानमालेने हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. पहिले पान आम्ही आजच लिहून आणले आहे. त्यावर त्या चार भोकांच्या मागाची हकीकत आहे. चालकांच्या हाती ते देऊन आम्ही आपली रजा घेतो.